आठ चौकटींच्या पेटीत दहा

आता हसायचं तेवढं हसून घ्या, पण माझ्या बायकोच्या माहेरी हा विषय काढू नका. तिथे माझी अब्रू आधीच गेलेली आहे!

माझे सासरे, अण्णा, रिटायर्ड मास्तर. आंबिवलीला घरामागे मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात. सासूबाई गेल्यापासून त्या माश्या हाच त्यांचा गोतावळा. मध्यंतरी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि नेमका तेव्हाच परसातल्या शेवग्यावर माश्यांचा नवा थवा येऊन बसला. मेघनाने, म्हणजे आमच्या हिने, तो टोपलीत धरला. पण पेटी रिकामी, आत एक चौकट नाही! संध्याकाळपर्यंत घर मिळालं नाही तर माश्या उडून जाणार.

अण्णा मला म्हणाले, "जावईबापू, तुम्ही कराल? लाकडं कापलेली आहेत. फक्त ठोका आणि मेणपत्रे बसवा."

अहो, बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला काही काम सांगितलं! मी शर्टाच्या बाह्या सरसावूनच उठलो.

मेणपत्रा म्हणजे षटकोनी नक्षी उठवलेला मेणाचा पातळ पत्रा. चौकटीत तार ताणायची, जराशी तापवून पत्र्यात रुतवायची. त्याच्यावर माश्या पोळं बांधतात. माझी तार इतकी तापली की पहिल्या पत्र्याचे सरळ दोन तुकडे! पण नंतर हात बसला हो.

आठ चौकटी झाल्या. पेटीत लावल्या. बघतो तर काय, प्रत्येक दोन चौकटींच्या मधे बोटभर जागा मोकळी! मी माजिवड्याला बिल्डरच्या ऑफिसात फ्लॅट विकतो. मला मोकळी जागा बघवणार आहे का? बाजूच्या पट्ट्या वरती रुंद होत्या, त्याच एकमेकींना अडत होत्या. म्हटलं, डोळ्यांमुळे माप चुकलं बिचाऱ्यांचं. घेतला रंधा, पट्ट्या तासल्या, उरलेल्या लाकडांच्या आणखी दोन चौकटी ठोकल्या. आठाच्या जागी दहा, एकदम फिट्ट! स्वतःवरच खूश झालेलो मी.

मेघनाने थवा पेटीत ओतला. माश्या आत गेल्या आणि तशाच बाहेर येऊन दाराशी लोंबायला लागल्या.

"अरे, तू काय केलंस?"

"टू बीएचकेचं थ्री बीएचके केलं!"

अण्णा काळा चष्मा सावरत आले. झाकण काढून चौकटींच्या मधे बोट घालू लागले. जाईना.

"जावईबापू, पॅसेज कुठाय?"

"पॅसेज?"

"माश्यांनी चालायचं कुठून? त्या रुंद पट्ट्या त्यासाठीच असतात हो!"

मेलो! म्हाताऱ्याने एवढ्या विश्वासाने काम दिलं, आणि त्याच्या माश्या मी घालवणार? मेघनाने भराभर दोन चौकटी उपसल्या, बाकीच्या बोटभर अंतराने सरकवल्या. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. एक माशी आत गेली. मग चार गेल्या. मग अख्खं खानदान आत! मी अण्णांना मिठीच मारली. त्यांनी पाठीवर थोपटलं, म्हणाले, "होतं असं."

परवा त्यांचा फोन आला. "पोळं छान धरलंय. आणखी एक पेटी भरायची आहे. रविवारी याल ना?"

मला आभाळ ठेंगणं झालं. "येतो की! आणि अण्णा, चौकटी मीच ठोकणार हां. आठच!"

"छे छे, चौकटी मेघना करेल," अण्णा फार प्रेमाने म्हणाले. "तुम्ही आपला चहा करा. फक्त कप काठोकाठ भरू नका, थोडी जागा राहू द्या."