गोदूच्या अंड्यांवरची घाण

आमच्या आपटा गावात कुजबुज होती की गोदू पोल्ट्रीची अंडी घाऊक आणते, चहाच्या पाण्यात रंगवते, वर कोंबडीची शीट फासते आणि नवीन पनवेलच्या टॉवरखाली गावठी म्हणून खपवते. कुजबुजणाऱ्यांत मीही होतो. माझा आवाज जरा मोठा, एवढंच.

गोदू म्हणजे पासष्टीची ठेंगणी आगरी बाई. जमीन गेली, बंगला आला, दारात गाडी आली; पण पानसुपारीसाठीही मुलापुढं, निकेशपुढं, हात पसरायचा हे तिला जमेना. तेरा कोंबड्या हे तिचं स्वतःचं राज्य. प्रत्येकीला नाव होतं, बहुतेक सुनेच्या माहेरच्या बायकांचं.

टॉवरमधल्या समृद्धीबाई तिचं जुनं गिऱ्हाईक. एकदा त्या मॉलमधला हिरवा खोका घेऊन खाली आल्या. त्यावर पान छापलेलं, खाली ‘मोकळ्या रानातल्या आनंदी कोंबड्या’. कोंबडी आनंदी आहे हे कुणी तपासलं, ते कोंबड्यालाच ठाऊक.

“मावशी, हे बघा किती स्वच्छ! तुमच्या एखाद्या अंड्याला घाण असते हो.”

“घान नाय बाय ती. कोंबडीनं सही केलीय.”

बोलली खरी, पण लागलं तिला. घरी येऊन तिनं एकेक अंडं काथ्यानं घासलं. दुसऱ्या दिवशी टोपली नव्या नवरीसारखी चमकत होती.

समृद्धीबाईंनी एक अंडं उजेडात धरलं. “एवढी चकचकीत? मावशी, पोल्ट्रीची तर नाहीत ना?”

सोसायटीच्या ग्रुपवर तासाभरात निकाल लागला. तीन दिवस टोपली भरलेलीच परत आली.

निकेश हेच बघत होता. “आये, रविवारी गटारी हाय. अंडी खपत नाय तर कोंबड्या तरी खपवू. मित्र येनार हायत.”

“आदी तुजे मित्र काप!”

पण त्यानं सुरीला धार लावून आणलीसुद्धा. शनिवारपर्यंत अंडी विकली तर ठीक, नाहीतर तेराही जणी रश्श्यात.

शुक्रवारी गोदू टॉवरखाली बसली. कुठल्या अंड्याला पीस चिकटलेलं, कुठल्याला गवताची काडी, कुठल्याला हिरवट काळा ठिपका. समृद्धीबाईंनी एक नाकाशी नेलं, तोंड वाकडं केलं आणि ओरडल्या, “अय्या, हे खरं ऑरगॅनिक!”

फोटो ग्रुपवर गेला. लिफ्टला रांग लागली. सातव्या मजल्यावरच्या बाई तर हट्टाला पेटल्या, “मला ते जास्त घाणवालं द्या.” टोपली रिकामी झाली. त्या हिरव्या खोक्यात समृद्धीबाई आता गोदूचीच अंडी ठेवतात.

गटारीला निकेशनं पनवेलहून ब्रॉयलर आणले.

आता खरं सांगतो. चहात एकही अंडं बुडवलं नव्हतं. अंडी गोदूच्याच कोंबड्यांची होती. घाण तिनं हातानं लावली होती.