बावीस किलोचा गिअरबॉक्स

जुन्या गाड्यांच्या त्या गॅरेजमध्ये सगळं होतं. तीन तऱ्हेचे जॅक होते, इंचातले पाने एका भिंतीला आणि मिलिमीटरमधले दुसऱ्या भिंतीला टांगलेले होते, केसाएवढी फट मोजायच्या पट्ट्याही होत्या. नव्हता तो फक्त वजनकाटा. वजन सांगायला मिस्त्री होता ना. तो सांगेल ते वजन.

त्याला सगळे फूल-मिस्त्री म्हणत. फुलांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. घरात एक कुंडी होती, तीही बायकोची. पण एखादा जड भाग उचलायची वेळ आली आणि समोरच्याने विचारलं, "केवढं असेल हो?" की ह्याचं उत्तर ठरलेलं. "फूल आहे, उचल." आकडाच मागितला तर खऱ्याच्या निम्माही सांगायचा नाही. स्टार्टर मोटर नऊ किलोची, हा म्हणणार चार. फ्लायव्हील पंधराचं, हा म्हणणार सहा-सात. सहा सिलिंडरच्या इंजिनाचं बिडाचं हेड उचलताना दोन माणसांच्या नाकी नऊ येतात, त्याचं ह्याच्या तोंडी वजन पंधरा. ही विद्या त्याने आपल्या उस्तादाकडून घेतलेली. उस्ताद म्हणायचा, वजन आधी कानाने उचललं जातं, मग हाताने. खरं सांगितलंस तर गडी ते मनातच खाली ठेवतो. कंपनीच्या पुस्तकात आकडे असतात, नाही असं नाही. पण पुस्तकातलं इंजिनाचं वजन म्हणजे तेल काढून, पाणी काढून, स्टार्टर-फ्लायव्हील उतरवून घेतलेलं, म्हणजे माणसाची हाडं बाजूला ठेवून उरलेला तोलल्यासारखं. तेव्हा पुस्तकही खोटं आणि मिस्त्रीही खोटा, पण मिस्त्री निदान हसून सांगायचा.

इतकी वर्षं असं सांगून सांगून शेवटी त्याला स्वतःलाच खरे आकडे आठवेनासे झाले. गिअरबॉक्स म्हणजे बावीस किलो. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी हेच म्हणाला असता.

मग त्याच्या पोटाच्या खालच्या अंगाला लिंबाएवढी गाठ आली. ती त्याने वर्षभर "काही नाही गं" म्हणत अंगावर काढली. हर्निया निघाला. ऑपरेशन झालं, आत जाळी बसली. टाके बघता बघता डॉक्टरने विचारलं, "कामावर जास्तीत जास्त किती वजन उचलता?"

"गिअरबॉक्स. बावीस किलो."

बायको शेजारच्या खुर्चीवरच होती. डॉक्टर म्हणाला, तीन महिने काही उचलू नका, मग हळूहळू सुरू करा, बावीस असेल तर दोघांनी मिळून उचला. मिस्त्रीला तेवढंच हवं होतं. त्याच्या हिशेबी त्याला गिअरबॉक्सची परवानगी मिळाली होती. डॉक्टरला आपण काय सांगितलं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं माहीत असतं; ह्याच्याकडे तेही राहिलं नव्हतं.

त्या तीन महिन्यांत, तो घरात आडवा पडलेला असताना, बायकोने दोन-तीनदा तिच्या धाकट्या भावाचा विषय काढला. भावाची चाव्या करून द्यायची टपरी होती, ती रस्ता रुंद होताना गेली. हाताला काम नाही, घरात शाळेत जाणारी मुलगी. "गॅरेजमध्ये वायरिंगचं बसून करायचं काम असतं ना? घ्या की त्याला," ती म्हणायची.

"काडीला? गॅरेजमध्ये पडेल ते करावं लागतं. तो बावीस किलोत आडवा झालेला माणूस."

हे काडी नाव मिस्त्रीनेच पाडलेलं. बारा वर्षांपूर्वी मेहुणा त्याच्याच हाताखाली होता. एका मोठ्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवत होते. पुढच्या सीट काढलेल्या, मधला पत्रा काढलेला. मेहुण्याने गाडीच्या आत ओणवं उभं राहून गिअरबॉक्स दोरीने धरायचा, मिस्त्रीने खाली पाठीवर पडून शेवटचा बोल्ट काढायचा आणि गिअरबॉक्स ट्रॉलीवर घ्यायचा. बोल्ट निघाला आणि ट्रॉलीचं चाक अडकलं. "धर रे जरा, फूल आहे," मिस्त्री खालून म्हणाला. चाक सोडवायला वेळ लागला. मग गिअरबॉक्स नीट खाली आला, पण मेहुणा काही सरळ होईना. तसाच वाकलेला त्याला घरी न्यावा लागला. महिनाभर अंथरुणाला खिळला, आणि उठला तो एका अंगाला कललेलाच. बावीस किलो! मिस्त्रीने हा किस्सा घराघरात सांगितला. काडीपैलवान म्हटलं, मग नुसतं काडी. पंगतीत कुणी जड पातेलं उचललं की कुणीतरी म्हणणार, "काडीला सांगू नका हं." काडी स्वतःही हसायचा. हसणार नाही तर काय करणार? हाताखालच्या गड्याने खरं वजन विचारायचं कुणाला, गिअरबॉक्सला?

बायकोही हसायची. तिला तर जास्तच नवल वाटायचं, कारण ती पार्सल ऑफिसात काट्यावर बसायची आणि वीस-वीस किलोचे डाग रोज सरकवायची. "दोन किलोच आहे ताई," म्हणणाऱ्यांची पार्सलं ती नुसती बघून साडेतीन सांगायची, आणि काटा साडेतीनच दाखवायचा. आख्ख्या गावाचं वजन पकडणारी बाई, आणि घरातलं खोटं तिला कधी सापडलं नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच. गिअरबॉक्स कधी तिच्या काट्यावर आलाच नव्हता. गॅरेजचा जड माल नेहमी ट्रकने परस्पर जायचा.

मिस्त्री कामावर रुजू झाला त्याच आठवड्यात ट्रकवाल्याने गाडी बंद ठेवली. परगावच्या एका गिऱ्हाइकाचा गिअरबॉक्स दुरुस्त होऊन लाकडी पेटीत तयार होता. मालक म्हणाला, पार्सलने पाठवून द्या. मिस्त्रीने स्वतःहून सांगितलं की मी बरोबर जातो. त्याला बायकोला दाखवायचं होतं, बघ, फिरायला लागलो. हात दाखवून अवलक्षण करून घेणं याहून वेगळं काय असतं!

दुपारची वेळ, खिडकीशी पाच-सहा माणसं. टेम्पोतून पेटी उतरली. मिस्त्री एका टोकाला हात घालू लागला तशी बायको आतूनच म्हणाली, "अहो, हमाल आहेत ना इथे? व्हा बाजूला." दोन हमालांनी पेटी काट्यावर ठेवली. ठेवताना त्यातला थोरला कण्हला.

"किती म्हणालात?" तिने विचारलं. ऑफिसात ती त्याला गिऱ्हाइकासारखंच विचारत होती.

"पेटीसकट पंचवीस धर."

काटा चौपन्नवर थांबला होता.

मिस्त्रीने काट्याकडे बघितलं, मग बायकोकडे. "पेटीचं लाकूड ओलं असेल."

"असल्या पेट्या रोज बघते मी. पाच किलोच्या वर नसते."

"मग काटा बिघडलाय तुमचा."

मागचं एक गिऱ्हाईक हसलं. बायकोने पेटी खाली उतरवायला लावली आणि कोपऱ्यातलं तपासणीचं वीस किलोचं लोखंडी वजन काट्यावर ठेवून घेतलं. काटा वीसवर थांबला. पेटी परत चढवली. चौपन्न. आता पोटाचं निघणार, डॉक्टरचं निघणार, आणि तेही चारचौघांत, असं मिस्त्रीला वाटलं. त्याने मनात उत्तरंही जुळवायला घेतली.

बायकोने पोटाचं काढलंच नाही. ती काट्याकडे बघत राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "धाकट्याने धरला होता तो असलाच?"

खरं तर मिस्त्री आत्ताही "तो लहान होता" म्हणू शकला असता. तिला काय कळणार होतं?

"असलाच. ह्याच जातीच्या गाडीचा," तो म्हणाला. मग कुणी विचारलं नसताना, "आणि तेव्हा तेल होतं आत. दोन-एक किलो धर वरती."

तिने शेजारच्या कारकुनाला खिडकी सांभाळायला सांगितलं आणि भावाला फोन लावला. "धाकट्या, ऑफिसात ये. असशील तसा ये." मिस्त्री बाकावर बसला. बारा वर्षं पंगतीत सांगितलेला किस्सा त्याला पहिल्यांदाच सबंध आठवला. त्यात तो स्वतः कुठे होता, हेही आठवलं.

काडी आला. नेहमीसारखा एका खांद्याने खाली, हातात रिकामी पिशवी. त्याला वाटलं कुणाचं काही बरंवाईट झालं.

"काट्यावर बघ," बहीण म्हणाली. "गिअरबॉक्स आहे. तू धरला होतास ना, तसलाच. पेटीचे पाच वजा कर."

काडीने आकडा वाचला. मग वाकून पेटीच्या फळ्यांतल्या फटीतून आत बघितलं, खरंच तसलाच आहे का म्हणून. मग पुन्हा आकडा वाचला.

"एकोणपन्नास," तो म्हणाला.

"तेलासकट एकावन्न," बाकावरून मिस्त्री म्हणाला.

"मी मुलीला कडेवर घेणं सोडून दिलं होतं, ताई. ती तीन वर्षांची असताना. म्हटलं, बावीस किलो ज्याला पेलत नाहीत त्याच्या हातून एखादे दिवशी पोरगी पडायची." हे त्याने रडून सांगितलं नाही, कुणाला ऐकवायलाही सांगितलं नाही. बहिणीला मात्र रडू आलं, आणि तिने डोळे पुसलेही नाहीत. खिडकीबाहेरची माणसं बघत होती ती बघू दिली.

काडी मिस्त्रीकडे वळला. "भावोजी, तुम्ही तेव्हा खाली होतात ना?"

"हो."

"सुटला असता तर बरोबर छातीवर आला असता."

"हो."

काडीने पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. "मग तुम्ही सांगितलं नाहीत ते एका अर्थी बरंच झालं," तो म्हणाला. "एकावन्न म्हणाला असतात तर मी सोडला असता."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मिस्त्रीने परतवला असता, त्यात त्याचा हात कुणी धरला नसता. काडीला जे खरं वाटलं ते त्याने सांगितलं. उस्तादाची विद्या खरी ठरली होती, आणि मिस्त्री जिवंत बसला होता तो त्याच विद्येमुळे आणि ह्या वाकड्या पाठीमुळे. त्याला लाज वाटली. साधी, उघडी लाज वाटली, आणि ती लपवायला एकही किस्सा सापडला नाही.

"उद्यापासून गॅरेजमध्ये ये," शेवटी तो म्हणाला. "वायरिंग आहे. बसून करायचं. मालकाशी मी बोलतो, आणि काय झालं होतं तेही मीच सांगतो."

"बघतो," काडी म्हणाला.

बायकोने पावतीवर चौपन्न लिहिलं. हमाल पेटी आत न्यायला आले. मिस्त्रीचं पोट माहीत असल्यामुळे असेल किंवा जुनी सवय म्हणून असेल, काडी पिशवी काखेत मारून पेटीच्या कोपऱ्याशी वाकला.

"राहू दे," मिस्त्री म्हणाला. "जड आहे."

दोघे हमाल थांबले. त्यांनी आतून तिसऱ्याला हाक मारली.