डोमाजीचं दहावं चित्र

आमच्या गल्लीत सकाळी सातला कोकिळावहिनींची शाळा भरते. विद्यार्थी एकच, त्यांचा नवरा, वय एकसष्ट. डोमाजी एसटीत कंडक्टर होते. ओरडले की झोपलेलं गाव उतरायला उभं राहायचं. अर्धांगवायूचा झटका आला आणि तो आवाज नुसत्या ‘हं’वर आला. तेव्हापासून चौदा महिने वहिनी रोज भाजीची टोपली समोर ठेवून एकेक वस्तू वदवून घेतात.

मी कुंपणावरून छेडायचो, "वहिनी, बोलाले लागले का पहिले तुमच्यावरच डाफरतीन."

"डाफरू द्या, भाऊजी. त्याच्यासाठीच शिकवून राह्यली."

परवा परीक्षा होती. दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या मॅडम पुण्याकडच्या, नव्या. दहापैकी सहा चित्रं ओळखली तर पुढचे तीन महिने शिकवणी, नाहीतर जागा दुसऱ्या पेशंटला. वहिनींनी तोंड उघडायचं नाही, हा नियम. मी सोबत गेलेलो, मलाही तोच. माझ्यासाठी तो जास्त कठीण.

नऊ चित्रं झाली. पाच बरोबर. वहिनींनी पदराचं टोक दातात धरलेलं. दहावं चित्र हिरव्या जुडीचं. डोमाजींचा जबडा हलला, थांबला, कपाळाला घाम आला.

"सां... बार."

मॅडमनी हळहळत फुली मारली. "काका, सांबार इडलीबरोबर. ही कोथिंबीर."

डोमाजींची मान खाली गेली. मी हसून मॅडमना समजावायला गेलो, पण माझ्या चेहऱ्यावर आजवर कोणी विश्वास ठेवलेला नाही. त्यांना वाटलं, आम्ही सांभाळून घेतोय.

तेव्हा वहिनी उठल्या. आवाज चढला नाही, पण माझी हसायची हिंमत गेली.

"मॅडम, ते फुली खोडा. आमच्या घरी कोथिंबीर नसतेच, सांबारच असतो."

मॅडमनी दारात फरशी पुसणाऱ्या सीताबाईंना चित्र दाखवलं. हे काय?

"सांबार," सीताबाई म्हणाल्या. "काऊन?"

 मॅडमनी फुली खोडून सहा लिहिलं.

वहिनी म्हणाल्या, "पुढच्या वेळची चित्रं आधी सीताबाईले दाखवून घेजा."

म्हणाल्या खऱ्या, पण पुढची तारीख विचारायचंच विसरल्या; ती मलाच लिहून घ्यावी लागली.