सोळाची चाकं की अठराची

रुपराव भोयर बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत सुपरवायझर होते. उभी नोकरी त्यांनी कंपनीच्या बसने ये-जा करण्यात काढली, स्वतःची गाडी काही झाली नाही. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत चालायला जातात, गुडघ्याला तेल लावतात. रुपरावांनी काय करावं? लाल रंगाची, दोन दारांची, दोनच सीटची जुनी परदेशी स्पोर्ट्स कार घरी आणली. आधीच्या मालकाने स्प्रिंगा बदलून ती पार खाली बसवलेली. तिची चांगली चाकं त्याने वेगळी विकून टाकली आणि कामचलाऊ लोखंडी चाकं लावून गाडी यांच्या गळ्यात मारली.

दोनच सीटची कशाला, असं कोणी विचारलं की उत्तर तयार होतं. एक माझी, एक जयाची. संसारात बायकोला शेजारी बसवून कुठे नेणं झालं नाही, ती बिचारी ऑटोनेच फिरली. आता तिला रामटेकला न्यायचं, खिडकी उघडी ठेवून. रुपरावांना एवढंच पाहिजे होतं, आणि अगदी मनापासून पाहिजे होतं. अडचण जयाबाईंच्या कमरेची. धंतोलीच्या एका हॉस्पिटलात मणक्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी दचके टाळायला बजावलेलं. म्हणजे नवी चाकं अशी हवीत की गाडीचा रुबाबही राहावा आणि जयाबाईंच्या कमरेला पत्ताही लागू नये.

आता आपण टायर म्हणजे काय समजतो? काळा, गोल, हवा भरली की झालं. पण त्याच्या अंगावर आकडे असतात. २०५, मग ५५, मग १६. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. आणि मधला? तो मिलिमीटरही नाही, इंचही नाही. रबराची भिंत रुंदीच्या किती टक्के उंच, तो टक्का. एका ओळीत तीन तऱ्हेची मापं! गिरणीत असं कापड मोजलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं, असं रुपराव चिडून म्हणाले. यात त्यांचं काय चुकलं, सांगा.

त्यांचा भाचा अंकित अठराच्या खाली यायला तयार नव्हता. मोठं रिम, पातळ रबर, २२५ रुंदी. सोळाची चाकं म्हणजे सुटाखाली गमबूट घातल्यासारखं दिसेल, असं त्याचं मत. धरमपेठेतला टायरवाला प्रेमानंद म्हणे, काका, सोळाच घ्या. जाड रबर दचके गिळतं. बाहेरून दोन्हींची उंची जवळपास सारखीच, पण अठराचा रुंद टायर एवढ्या खाली बसलेल्या गाडीत वळताना मडगार्डला घासेल. मोबाईलवरचे जाणकार तिसरंच सांगत, चाक मडगार्डच्या आत किती आणि बाहेर किती हे आधी पाहा. रुपरावांच्या डोक्याचं पार दही झालं.

ते दही घेऊन ते दिवसभर जयाबाईंच्या मागे. त्या भाजी चिरत असल्या की हे टक्केवारी समजावणार, आणि जाता जाता दोडक्याच्या फोडी लहान करायला सांगणार. दुपारी त्या आडव्या झाल्या की हे उशाशी मोबाईल घेऊन हजर. जयाबाई ‘हं’ म्हणत. त्या ‘हं’चा अर्थ होकार, हे रुपरावांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

शेवटी प्रेमानंद म्हणाला, दोन्ही मापांची वापरलेली चाकं दुकानात आहेत, आळीपाळीने लावून एकेक चक्कर मारा. पण प्रयोगासाठी जयाबाईंची कमर कशी वापरायची? रुपरावांनी घरातला गव्हाचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, उचलला, शेजारच्या सीटवर ठेवला, जयाबाईंच्या वजनाशी जुळावं म्हणून वर तूरडाळीची पिशवी ठेवली आणि सीटबेल्ट लावला. सिमेंट रोडवरून गल्लीत उतरताना जी पायरी लागते, तिच्यावरून सोळाची चाकं अलगद गेली. कट्टा हलला नाही. अठराची लावली तर तो बेल्टसकट कलंडून थेट रुपरावांच्या खांद्यावर आला, आणि वळताना टायर खर्रकन घासला. पण दुकानाच्या काचेत अठरावर उभी असलेली गाडी दिसली आणि त्यांचा जीव तिथेच अडकला. गहू सोळा म्हणत होते, मन अठरा म्हणत होतं.

तेवढ्यात ई-रिक्षातून जयाबाई उतरल्या. दळण न्यायला गेल्या तर गहू गायब, शेजारणीने सांगितलं की भाऊजी कट्टा गाडीत घालून टायरवाल्याकडे गेले. त्यांनी सीटबेल्ट लावलेले गहू पाहिले आणि हे काय म्हणून विचारलं. रुपरावांनी सगळं सांगितलं. सोळा, अठरा, पायरी, खांदा.

“तुह्या कमरेसाठीच करून राहिलो वं,” ते म्हणाले.

जयाबाईंनी कट्ट्याचा बेल्ट सोडला.

“सोळा लावा नाहीतर अठरा लावा. मी या गाडीत बसत नाही.”

“काहून वं? मऊ चालते ना.”

“कमरेचं नाही हो. तुम्ही नोकरीवर जात होते तवा दुपारचं घर माझं राहे. आता सकाळपासून तुम्ही माझ्या मागं. गाडी आणली तवा मले वाटलं, चला, आता हे फिरतील. तर तुम्ही मलेच सोबत न्यायले निघाले.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर रुपरावांना भांडता आलं असतं. त्यांना फार लागलं. त्यांनी कट्टा उचलून ई-रिक्षात ठेवला, वर डाळीची पिशवी ठेवली. जयाबाईंनी त्यांच्या सदऱ्यावरची गव्हाची धूळ झटकली आणि त्या दळणाला गेल्या.

प्रेमानंद हातात पाना घेऊन खाली पाहत होता. शेवटी त्याने विचारलं, काका, मग कोणते ठेवू?

रुपरावांनी सोळाकडे पाहिलं, अठराकडे पाहिलं. इतके दिवस केलेला सगळा हिशेब त्या शेजारच्या सीटचा होता. स्वतःला काय पाहिजे, ते त्यांना काही केल्या सुचेना. दुपार नुकतीच सुरू झाली होती.

“कोणतेही लाव गा,” ते म्हणाले. “पण आरामात लाव. मले घरी जायची घाई नाही.”