उतरलेली काळी चार

“पेटीच खराब आहे तुही,” बुवा म्हणाले आणि त्यांनी टाळ पिशवीत टाकले.

पेटी म्हणजे हार्मोनियम. ती मुळीच खराब नव्हती. आदल्याच दिवशी मी तिचं ट्यूनिंग केलं होतं, आणि त्या वयात माझ्या कानाचा मला भलताच गर्व होता. खराब झाला होता तो बुवांचा आवाज. पण हे सीतारामबुवांना सांगणार कोण?

महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं तेव्हाची ही गोष्ट. मेहकरला माझं पेटीदुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्तीबरोबर मी जुन्या पेट्याही शोधत फिरायचो. खामगावचे करीमभाई भंगारवाले माझ्यासाठी माल राखून ठेवायचे. त्या महिन्यात त्यांनी सायकलींच्या सांगाड्याखालून एक पेटी ओढून काढली. भाता, म्हणजे हवा भरायचा पंखा, उंदरांनी खाल्लेला. निम्म्या पट्ट्या गायब. “लकडी जलाने के काम आयेगी,” करीमभाई म्हणाले. मी आत बोट घालून पाहिलं तर सूर अस्सल जर्मन. सूर म्हणजे हवेनं थरथरणारी पितळेची पातळ जीभ. पेटीचा जीव तोच. मी पेटी छातीशी धरून एसटीत बसलो.

घरी आणून भाता नवा केला, पट्ट्या बसवल्या, वाजवली. सगळी पेटी अर्ध्या सुरानं खाली बोलत होती. उघडून पाहिलं. प्रत्येक जीभ मुळाशी कानशीनं घासलेली होती. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. घासलेलं पितळ परत येत नाही, म्हणून हे काम जपून करायचं असतं. “कोणत्या गाढवानं हा उद्योग केला?” असं म्हणत मी वरच्या टोकापासून एकेक सूर चढवायला घेतला. तीन झाले होते, तेवढ्यात सुलतानपूरचं भजनी मंडळ पेटी घ्यायला दारात आलं. मंडळ म्हणजे दोघंच. बुवा आणि त्यांचा पेटीवाला किसन.

आदल्या दिवशी लावून ठेवलेल्या तयार पेटीवर बुवांचा आवाज वर जाताना फाटला. तीनदा फाटला. मग ते पेटीला नावं ठेवून समोर चहाला गेले. किसन मागं राहिला.

“मिस्तरी, पस्तीस वर्सं झाली, बुवा काळी चारमदीच गातेत,” तो हळूच म्हणाला. काळी चार म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून गायचं. “आता आवाज पोचत नाही. एक पट्टी खाली, पांढरी पाच धरू म्हटलं तं टाळ खाली ठेवतेत. म्हणतेत, मी काय म्हातारा झालो काय बे?”

“मग?”

“औंदा सप्त्यात आवाज फाटला तं त्यायले मागं बसवून दुसऱ्याले पुढं उभं करतेत. ठरलं आहे मंडळाचं. बुवा मागं बसणारा माणूस नाही, मिस्तरी. गाणंच सोडून देईन.”

बोलता बोलता तो माझ्या फळीवरच्या भंगारातल्या पेटीजवळ बसला आणि चाळा म्हणून काळी चार धरून वाजवायला लागला. चहा घेऊन आलेले बुवा दारातच थांबले. ऐकलं. डोळे मिटून गायला लागले. आवाज वर गेला, तिथं ठरला आणि सावकाश खाली आला. माझ्या हातातली कानस तशीच राहिली.

“हे आहे पेटी,” बुवा म्हणाले. “तू उगाच ते दुसरी दाखवून राह्यला.”

मी किसनला बाजूला घेतलं. “अरे, ही अर्ध्या सुरानं उतरलेली आहे. हिची काळी चार म्हणजे खरी पांढरी पाच.”

“असू द्या ना. मी तं काळी चारच दाबतो.”

बेसूर पेटी दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही, असं माझ्या उस्तादांनी बजावलं होतं. दोन दिवस मी कुरकुरलो. मग चढवलेले तीन सूर पुन्हा उतरवले. त्यातला एक फार पातळ झाला, तो बदलावा लागला. दुकानाचा शिक्का मात्र मारला नाही.

सप्त्याच्या शेवटच्या दिवशी सुलतानपूरला गेलो. बुवा तासभर गायले, एकदाही अडले नाहीत. मी खुशीत मांडी बदलतो न बदलतो तोच शेजारच्या गावचं मंडळ पुढं आलं. तिथली रीतच होती, समारोपाचं भजन दोन्ही मंडळांनी मिळून गायचं. दोन पेट्या शेजारी शेजारी. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दोघांनी काळी चार धरली. दोन सासवा एकदम बोलायला लागाव्यात तसा आवाज झाला. लोक माना उंचावून बघायला लागले. बुवांनी पाहुण्यांच्या पेटीकडे डोळे वटारले. तो पाहुणा पेटीवाला पिकल्या मिशांचा गृहस्थ होता. तो थांबला. किसनच्या बोटांकडे पाहिलं, मग बुवांच्या तोंडाकडे पाहिलं. आणि एक पट्टी खाली सरकून त्यानं पांढरी पाच धरली. दोन्ही पेट्या एक झाल्या. बुवांनी शेवटचं कडवं असं उचललं की मला रडू आलं.

प्रसाद घेताना बुवा त्याला म्हणाले, “तुमची पेटी चढली आहे बाप्पा. दुरुस्त करून घ्या.”

“हाव बुवा, घेतो,” तो म्हणाला.

महिन्याभरात तो पेटी घेऊन खरंच माझ्या दुकानात आला. “मिस्तरी, हिले अर्धा सूर उतरवा. आमच्या बुवायलेबी आता दम लागते.”

त्यानंतर किती पेट्या उतरवल्या, मोजलं नाही. आमच्याकडची काळी चार कुणाला थोडी खाली वाटली तर दोष माझा. गिऱ्हाइकाला पट्टी विचारण्याआधी मी गाणाऱ्याचं वय विचारायला शिकलो. आणि भंगारातल्या त्या पेटीचे सूर माझ्याआधी ज्यानं मुळाशी घासले, त्याला मी गाढव म्हटलं होतं. त्याच्याही गावात कुणीतरी बुवा असणार. तो शब्द मी मागं घेतो.