हिरड्या बसेपर्यंत

कवळीकाकांच्या दवाखान्यात पेशंट यायचा तो घाईतच. दात काढून आठ दिवस होत नाहीत तोच विचारायचा, "कवळी कधी?" काकांचं उत्तर ठरलेलं. "हिरड्या बसू देत. तीन महिने." कितीही गयावया करा, माणूस हलायचा नाही. घाईनं माप घेतलं की महिनाभरात हिरडी आकसते, कवळी ढिली होते आणि भर जेवणात ताटात पडते, हे त्यांनी पाहिलं होतं.

वाट पाहण्यात काका तसे मुरलेलेच. सख्खा थोरला भाऊ, दादा, अकरा वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हता. आईच्या दफनाला तो उशिरा पोचला, तेव्हा कबरीपाशी चारचौघांत काकांची जीभ सुटली होती. "आता कशाला आलास? माती टाकायला?" दादा आल्या पावली परत गेला. तेव्हापासून दर रविवारी चर्चमध्ये काका मोठ्यानं प्रार्थना करत, "प्रभू, दादाला आण. तुझ्या वेळेला आण, पण आण." मंडळीला ती पाठ झाली होती. काकांना मात्र तिळमात्र शंका नव्हती. तो येणारच होता.

आणि आला की! एका गुरुवारी तोंडाला रुमाल लावून दादा दारात उभा. सगळे दात काढलेले, गाल आत गेलेले.

"तुझ्यासारखी कवळी कोणी करत नाही म्हणतात," तो म्हणाला. "आजच माप घे."

काकांनी रुमाल बाजूला करून हिरड्या पाहिल्या. नाही म्हटलं तर हा पुन्हा तोंड दाखवायचा नाही. पण चुकीचं माप घ्यायचं, तेही सख्ख्या भावाचं? "तीन महिने, दादा. मध्ये दर पंधरा दिवसांनी दाखवून जा."

दादा तणतणत निघून गेला. काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, इतकी वर्षं देवाकडे मागितलंत आणि दारात आलेल्याला घालवलंत?"

"ज्यानं एकदा आणला, तो परत आणेल," काका म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

पंधरा दिवसांनी दादा आला. घुश्शात, पण आला. काका हिरड्या बघायचे, काकू सूप पुढे ठेवायच्या. पहिल्यांदा दादा ते उभ्याउभ्याच प्यायला. तिसऱ्या खेपेला मीठ कमी आहे म्हणून कुरकुरला, तशी काकूंची कळी खुलली. कुरकुरतो म्हणजे घरचा झाला! आईचा विषय मात्र कोणी काढला नाही.

तीन महिने भरले. काकांनी मापाचा लगदा कालवला, ट्रेमध्ये भरून दादाच्या तोंडात बसवला. घट्ट व्हायला चार मिनिटं. तोंड भरलेला दादा नाकानं श्वास घेत त्यांच्याकडे बघत होता. काय झालं कोण जाणे, काका बोलून गेले, "दादा, त्या दिवशी मी चुकलो. फार वाईट बोललो. माफ कर मला."

अकरा वर्षांत काकांनी पत्रं ढीगभर धाडली होती. 'घरी ये' हे प्रत्येकात होतं. 'मी चुकलो' हे एकातही नव्हतं.

दादाचे डोळे भरून आले, पण बोलणार कसा? काका ट्रे दाबून धरून होते, हात हलू न देता. अकरा वर्षांत झाली नव्हती एवढी घालमेल त्या चार मिनिटांत झाली.

ट्रे निघाला. दादानं चूळ भरली, तोंड पुसलं.

"गाढवा," तो म्हणाला, "आईचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही मला. वाटभर रडत आलो होतो रे. एवढं ऐकायला अकरा वर्षं थांबलो मी."

काका स्टुलावर बसले. आपण देवाची वाट पाहतोय, याची त्यांना केवढी खात्री होती! आणि देव बिचारा इतकी वर्षं आपल्याच तोंडाकडे बघत बसला होता. काका हुंदके देऊन रडायला लागले, तसं दादानं खुर्चीतून वाकून त्यांचं डोकं छातीशी धरलं.