अळणीचा नवस

माझा कोणावर लवकर विश्वास बसत नाही. दूधवाल्यावर नाही, डॉक्टरवर नाही, आणि अंगात येणाऱ्या बायांवर तर मुळीच नाही. देवीवर आहे, पण तिच्या नावानं बोलणाऱ्यांना मी आधी पारखून घेते. या संशयी स्वभावानं मला आयुष्यात पुष्कळदा वाचवलं. एकदा मात्र त्यानंच माझी सून घालवली असती.

सुमन माझी सून. सोनाळ्याजवळ आमचं भाजीपाल्याचं शेत आहे, त्यात ती दोन माणसांचं काम एकटी ओढायची. मग एका उन्हाळ्यात तिची झोपच उडाली. उजाडायच्या आधी घर सारवून मोकळी व्हायची, कोणी विचारलेलं नसताना अख्ख्या गावाला जेवणाचं आवतन देऊन यायची, आणि बोलणं असं भरधाव की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. बाया नारळ घेऊन दारात येऊ लागल्या. म्हणे देवी आली. मला वाटलं, सोंग आहे. पुढे ते सगळं ओसरलं आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. वेणी नाही, जेवण नाही, लेकीनं हाक मारली तरी वळून बघणं नाही. एके दुपारी ती विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसलेली दिसली. त्या दिवशी माझ्या डोक्यातून सोंग गेलं.

माझ्या मुलानं तिला खामगावला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. मी चौथी शिकलेली, पण त्यांनी सांगितलं ते मला समजलं. या आजाराला बायपोलर म्हणतात. मन कधी हद्दीबाहेर चढतं, कधी तळाला जातं, आणि दोन्ही वेळी माणूस तेच असतं. साखरेच्या आजारासारखा हाही सांभाळावा लागतो. लिथियमची गोळी सुरू झाली. तिच्यासाठी अधूनमधून रक्त तपासायचं, किडनी आणि थायरॉइड बघायचं. मीठ-पाणी नेहमीसारखं ठेवा, असंही ते म्हणाले होते. जेवणखाण नीट ठेवा असं सगळेच डॉक्टर म्हणतात, त्यातलंच एक समजून आम्ही ते सोडून दिलं.

गोळीनं सुमन ताळ्यावर आली. आधी माझा गोळीवर विश्वास नव्हता. नंतर एवढा बसला की रोज मी स्वतःच्या हातानं द्यायची आणि तिनं गिळेपर्यंत समोर उभी राहायची. सुमनला मात्र वाटे की देवीनं बरं केलं. तिनं मनाशी नवस बोलला होता, नवरात्रात अळणी धरीन. मिठाचा कण तोंडात घालायचा नाही. आमच्याकडे पुष्कळ बाया धरतात. मी कशाला नाही म्हणू?

पाच-सहा दिवसांत तिचे हात थरथरू लागले. उलट्या झाल्या, पोट बिघडलं. मला वाटलं उपवासाचं पित्त आहे. अष्टमीला आम्ही सातपुड्याच्या पायथ्याच्या देवीला ओटी भरायला गेलो. पायऱ्यांवरच तिचा तोल जाऊ लागला, जीभ जड झाली. सभामंडपात ती बसली आणि सगळं अंग झटके देऊ लागलं. लगेच बायांचा गराडा पडला. कोणी कुंकू लावलं, कोणी पायावर डोकं ठेवलं. मला वाटलं, आजार पुन्हा उसळला. मी पिशवीतून गोळी काढली.

"काय करून राह्यली वं बुढे?" आमची शेजारीण शांता ओरडली. "देवी हाय अंगात, अन् तू गोळी देतं?"

"तुह्या अंगात आली तं तुलेही दोन देईन," मी म्हणाले. "सरक तिकडं."

तेवढ्यात मागून एका बाईनं माझं मनगट धरलं. पन्नाशीची असेल, हिरवं लुगडं, कपाळ कोरं. "माय, हे गोळी देऊ नको."

घ्या, आणखी एक भगतीण आली, असं माझ्या मनात आलं. माझं लक्ष आधी माझ्याच गळ्यातल्या सोन्याच्या पोतीकडे गेलं, चोर असेल म्हणून. "काऊन नको? तू कोण?"

"हिनं मीठ सोडलं काय?"

"नवस हाय तिचा. तुले काय करा लागते?"

तिनं कमरेची चंची सोडली आणि त्यातलं पाकीट माझ्यापुढे धरलं. तीच गोळी, तोच रंग. सोबत थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली. "मीही हेच खातो, माय. मीठ बंद झालं की हे औषध अंगात साचते, त्याचं जहर होते. माह्यावर बेतलं होतं. देवी नाही हे. गाडी कर, दवाखान्यात ने, अन् मीठ सोडलं हे आंधी सांग."

गोळी माझ्या तळहातावर होती, सुमनचं तोंड उघडं होतं. ज्या बायांना मी जन्मभर मूर्ख म्हटलं त्याही गोळी नको म्हणत होत्या, आणि ही अनोळखी बाईही तेच म्हणत होती. कोणाचं ऐकावं? माझं सगळं शहाणपण त्या तळहातावर अडकलं होतं. मी देवीकडे पाहिलं. मनात म्हणाले, मला काही कळत नाही, आता तू बघ. आणि मूठ मिटली.

त्या बाईनंच रिक्षावाल्याला हाक मारली, सुमनला काखेत धरून खाली उतरवलं. खामगावला रक्त तपासलं. औषध खरंच साचलं होतं. सलाइन लागली, पुष्कळ दिवस दवाखान्यात काढावे लागले. आणखी एक गोळी पोटात गेली असती तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. सुमन वाचली. मग तीच गोळी पुन्हा सुरू झाली, मापून.

त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं. पुढच्या वर्षी मी मंदिरात शोधलं, कोणाला ठाऊक नव्हती. सुमन म्हणते, ती देवीच होती. मी म्हणते, देवीला थायरॉइडची गोळी कशाला लागेल? पण हे बोलताना माझे हात जोडलेले असतात.

माझा संशय काही गेला नाही, जाणारही नाही. फक्त आता मी तो स्वतःवरही घेते. मूठ उघडी ठेवायची का मिटायची, हे आपल्याला कळत नाही अशी वेळ येते. तेव्हा देवीवर सोपवावं आणि समोरच्याचं ऐकावं, एवढंच मी शिकले.

नवस मात्र मोडला नाही. सुमनच्या वाट्याचं अळणी आता मी धरते. माझं बीपी वाढलेलं आहे, मीठ कमी करा म्हणून डॉक्टर मागे लागलेलेच होते. नवरात्रात तिचं ताट मी वाढते, त्यात सगळ्यात आधी चिमूटभर मीठ ठेवते, आणि सांगते, "खाय बाई, देवीचा परसाद हाय."